पायाखालचे पाट

आमच्या ऑफिसात चपला दाराबाहेर काढाव्या लागतात. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणे. माणसांना सगळं चालतं. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका शेडवर माडी चढवून हे ऑफिस केलंय आणि तिथं वीस बाया सकाळपासून परदेशातल्या दवाखान्यांची बिलं टाइप करत बसतात. मी सुलेखा, त्यांची सुपरवायझर. वय विचारू नका, मानेला पट्टा आहे एवढं पुरे. आयुष्य स्क्रीनसमोर काढलं की माणूस दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल फारसा हळवा राहत नाही. तरी ताहेराचे पाय बघितले की मला कसंतरी व्हायचं.

ताहेरा बुटकी. शहागंजातून बसनं येते, चपला दाराशी काढते आणि खुर्चीवर चढते. चढते हाच शब्द बरोबर. आमची टेबलं आधीच्या कंपनीनं उंच माणसांच्या मापानं केलेली, जमिनीला ठोकलेली. खुर्ची खाली घेतली तर की-बोर्ड छातीशी येतो आणि खांदे भरून येतात. खुर्ची वर घेतली तर पाय लोंबकळतात, बाकीच्यांचे थोडे, ताहेराचे पूर्ण. ताहेरानं पाय लोंबकळणं पत्करलं, कारण पगार बोटांचा मिळतो. काही वर्षं दिवसभर खुर्चीची कड मांड्यांना काचत राहिली, तशा तिच्या पोटऱ्या सुजायला लागल्या. मग तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. छावणीतल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, पायांना आधार द्या, नाहीतर बसायचं काम सोडा. सोडणार कसं? नवरा अन्सार टेलर, त्याची नजर गेली तसं दुकानही गेलं. मुलगी अरफा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ताहेराची नोकरी सुटली असती तर पोरीला कॉलेज सोडून घरी बसावं लागलं असतं.

हे सगळं मी साहेबांच्या, म्हणजे सुदर्शन सरांच्या कानावर वर्षभर घालत होते. सर वाईट नाहीत. ऐकतात, मान हलवतात आणि विसरतात. आपल्याकडच्या कायद्यात कामगाराच्या आरोग्याबद्दल बरंच लिहिलंय, पण कॉम्प्युटरपुढं बसलेल्या बाईचे पाय कुठं असावेत हे काही सापडत नाही, असं त्यांचा वकील म्हणाला होता. मग क्लायंटचीच मेल आली. त्यांच्या देशात म्हणे हे कायद्यानं बांधलेलं आहे. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, कोपर काटकोनात, पाठ टेकलेली, तळपाय सपाट टेकलेले, आणि ज्याचे पोचत नाहीत त्याला मालकानं फूटरेस्ट द्यायचा. त्यांचं काम जिथं होतं तिथंही हे असलं पाहिजे, बघायला माणूस येईल, नसेल तर काम बंद. माझ्या वर्षभराच्या घसा कोरडा करण्यानं जे झालं नाही ते एका मेलनं झालं. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

तयार फूटरेस्ट सरांना महाग वाटले. त्यांनी शहागंजच्या बद्रीनाथ मिस्त्रीला फोनवर माप सांगितलं आणि लाकडाचे वीस-एकवीस करायला टाकले. मिस्त्रीनं काम देखणं केलं. पॉलिश मारलेलं, कडा गोल, पावलाला सोपं जावं म्हणून नेमका उतार. पण लाकडी, बुटकं आणि चौकोनी, त्यामुळं बघणारा कुणीही पाटच म्हणणार. आणि ते आले नेमके खंडेनवमीच्या सकाळी.

त्या दिवशी मी मान शेकायला गेले होते, म्हणून उशिरा पोचले. खंडेनवमीला आमच्याकडे कॉम्प्युटरची पूजा असते आणि ती मनकर्णाबाई मांडते. मनकर्णाबाई फर्दापूरकडची. झाडलोट, चहा, पाणी, सगळं तिच्याकडं. एरवी तिला कुणी विचारत नाही, पण पूजेच्या दिवशी सरसुद्धा तिच्या शब्दाबाहेर नसतात. टेम्पोतून कोरे पाट उतरले, तेही पूजेच्या दिवशी, तर तिनं काय समजावं? सरांना एकदाची बुद्धी सुचली, असंच ती समजली. एका पाटावर तिनं देवीचा फोटो ठेवला, बाकीच्यांवर एकेक की-बोर्ड मांडला आणि प्रत्येक पाटाला हळदीकुंकवाची बोटं लावून झेंडू वाहिला. पाट उतरते निघाले म्हणून मिस्त्रीला शिव्या घालत तिनं प्रत्येकाखाली कागदाची घडी सरकवली आणि ते सरळ केले. मी दारात चप्पल काढत होते तेव्हा आरती सुरू झाली होती. सर डोळे मिटून टाळ्या वाजवत होते. चालू आरतीत कोण म्हणणार, थांबा, हे पाय ठेवायला आणलेत? मीही टाळ्या वाजवल्या. सरांच्या लक्षात आलं ते प्रसाद घेताना, आणि त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच घोळ घातलाय.

दसऱ्यानंतर पाट टेबलांखाली गेले, पण त्यावर एकही पाय पडला नाही. रत्नमालाचा अंगठा चुकून लागला, तर तिनं बिल अर्धवट सोडलं, खाली वाकून पाटाला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग शेजारचीचं तसंच. दुपारपर्यंत सगळ्यांनी आपापले पाट आत भिंतीशी लोटून दिले. मी सगळ्यांना उभं करून झापलं. टेलर मशीनची पूजा करतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच पायडलवर पाय मारतो ना? रिक्षावाला पूजा केलेल्या रिक्षाचा ब्रेक पायानंच दाबतो ना? सगळ्यांना पटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पाय जिथं होते तिथंच ठेवले. मग म्हटलं आपणच करून दाखवावं. चारचौघींसमोर पाय उचलला, पाटापर्यंत नेला, तिथं ते कुंकवाचं बोट दिसलं आणि पाऊल आपोआप मागं आलं. मला माझाच राग आला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

शेवटी मनकर्णाबाईला गाठलं. म्हटलं, तूच मांडलीस, आता तूच काहीतरी करून यातला देव उठव. ती कप विसळत होती. तिनं नळ बंद केला आणि माझ्याकडं वळली.

"देव काय नळाचं पाणी व्हय, तोटी फिरवली की बंद?" ती म्हणाली. "आन मला कुणी सांगितलं का, हे पाय ठिवायचे हायेत म्हून? इथं मला कोण काय सांगतंय?"

तिचं खरं होतं. तिला कुणीच काही सांगत नाही. पण ते कबूल करण्याइतकी मी त्या दिवशी शांत नव्हते, मी उलट आवाज चढवला. त्यानंतर कितीतरी दिवस माझा चहा टेबलाच्या कडेला न बोलता ठेवला जाऊ लागला, आणि तो गारच असायचा.

मला वाटलं होतं, निदान ताहेराचं तरी सोपं आहे. तिचा काय संबंध हळदीकुंकवाशी? सगळ्या डब्याला गेल्यावर मी तिला म्हटलं, तू तुझा पाट ओढ आणि ठेव पाय, बाकीच्या बसू देत लोंबकळत. तिनं डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

"सुलेखाताई, तुम्ही सगळ्यांनी हात जोडले न त्याच्यासमोर," ती म्हणाली. "मी पाय ठेवला तर कोणी काही बोलणार नाय, मला माहितेय. सगळ्या चांगल्या आहेत. पण बघतील. सध्या बघणंच लई होतं."

माझी मला लाज वाटली. वर्षानुवर्षं एकत्र डबा खाल्ला, तिच्या घरचा शीरखुर्मा बोटं चाटून खाल्ला, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. मग म्हटलं, घरून प्लॅस्टिकचं स्टूल आण. तेही तिला नको होतं. सगळ्यांचे पाय हवेत आणि हिच्या एकटीचे स्टुलावर, म्हणजे आणखीनच नजरेत येणार. सरांकडं नवे फूटरेस्ट मागायला गेले तर ते म्हणाले, आताच तर केलेत, पूजा करून वाया घालवायला मी सांगितलं होतं का? ताहेराच्या मुंग्या एव्हाना थांबल्या होत्या. मला वाटलं बरं वाटतंय. ती म्हणाली, दिवाळीपर्यंत बघते, मग नोकरी सोडते.

दिवाळीच्या तोंडावर तपासणी आली. पुण्याहून श्रेया मॅडम आल्या, तरुण, नम्र, हातात टॅब आणि मोजायची टेप. उद्या सगळ्यांचे पाय पाटावर दिसले पाहिजेत, असं सरांनी आदल्या दिवशी बजावलं होतं. त्यांनी दिसले पाहिजेत म्हटलं आणि आम्ही तेवढंच केलं. पाट पुढं ओढले आणि पावलं त्यावर आणली, पण टेकवली नाहीत. बोटभर वर, हवेत धरून ठेवली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मी शेजारी ताहेराकडं बघितलं, तिचेही तसेच. माझेही तसेच. हसावं की रडावं कळेना.

श्रेया मॅडमनी प्रत्येकीच्या स्क्रीनची उंची बघितली, कोपरं बघितली, पाठीमागच्या उशा दाबून बघितल्या. उभ्यानंच टेबलांखाली नजर टाकली आणि टॅबवर बोट फिरवत पुढं गेल्या. मग सरांनी त्यांना चहाला केबिनमध्ये नेलं. जाताना त्या म्हणाल्या, अशाच बसून राहा, परत आले की फोटो घेते.

पाय हवेत धरून बसणं दोन-चार बिलांपुरतं जमतं. मग मांड्या भरून येतात. चहा काही लवकर संपेना. मनकर्णाबाई केबिनमधून ट्रे आणि किटली घेऊन येत होती, तिचा तोल गेला की कुणाचा धक्का लागला कोण जाणे, किटलीतला उरलेला चहा ताहेराच्या रांगेत सांडला. पाहुणे असताना फरशीवर डाग नको म्हणून ती लगेच फडकं घेऊन खाली बसली आणि पुसत पुसत टेबलांखाली शिरली. तिचं पुसणं मध्येच थांबलं. वरून बघणाऱ्याला जे दिसत नव्हतं ते तिला खालून दिसत होतं. रांगच्या रांग पावलं, पाटाच्या वर, अधांतरी. ती गुडघ्यांवर सरकत एकेकीचे पाय बघत ताहेराच्या खुर्चीशी आली. ताहेराच्या पोटऱ्या घागरीसारख्या सुजल्या होत्या आणि पाय थरथरत होते.

"काहून गं असं धरलंस?" तिनं खालूनच विचारलं.

ताहेरानं स्क्रीनवरून नजर काढली नाही. अगदी हळू म्हणाली, "मावशी, तुम्ही पूजा केलीय न त्याची."

मनकर्णाबाईनं फडकं बाजूला ठेवलं, ओले हात पदराला पुसले आणि ताहेराचा घोटा धरला. आईच्या वयाची बाई पायाला हात लावतेय म्हटल्यावर ताहेरा दचकली, नको मावशी, नको म्हणत पाय मागं घ्यायला लागली. मनकर्णाबाईनं सोडला नाही. एक पाऊल पाटावर ठेवलं, मग दुसरं ठेवलं, आणि दोन्हींवर आपले तळहात दाबून धरले. तसंच टेबलाखालून डोकं बाहेर काढून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"पूजा म्या मांडली व्हती, म्याच उठवली. कुणाला काय म्हणायचं आसल तं मला म्हणा."

बाकीच्यांचे पाय खाली आले की नाही ते मी बघितलं नाही, माझे आले. इतक्या दिवसांचा शीण एकदम पावलांतून उतरला आणि मला रडू फुटायचंच राहिलं. वाटलं, सुटलो. आता ताहेरा राहील, अरफा शिकेल. पण ताहेरा अजून तशीच अवघडून बसली होती, मांड्या वर उचललेल्या, खांदे ताठ.

"मावशी, टेकले का?" तिनं विचारलं.

"टेकले की. माझा हात हाय वर."

ताहेरानं खाली वाकून बघितलं. पाय टेकले होते. तिनं डोळे मिटले, परत उघडले आणि परत बघितलं. मनकर्णाबाईला काहीतरी वेगळं जाणवलं असावं. तिनं ताहेराचा डावा पाय हलकेच उचलून तळव्यावर नखानं चांगली लांब रेघ ओढली. पांढरी रेघ मला माझ्या खुर्चीवरून दिसली.

"कळलं का?" मनकर्णाबाईनं विचारलं.

ताहेरा म्हणाली, "काय?"