घाम फुटलेली पाकिटं

चंदीगढच्या मंडईतून परत आलेला पहिलाच क्रेट आमच्या मालकाने, मेहरचंद ठाकूरने, माझ्या भावाच्या तोंडावर फेकला. पाकिटं फुटली. आतली मशरूम तपकिरी आणि चिकट झाली होती, प्लास्टिकला आतून घाम फुटला होता. लेखूच्या ओठातून रक्त यायला लागलं.

“भोकं कुणी पाडायची? तुझ्या बापानं?”

मशरूम कापल्यावरही श्वास घेतं. पाकिटाला भोकं नसली की स्वतःच्याच वाफेत सडतं. म्हणून आम्ही खिळे ठोकलेल्या फळीवर पाकीट दाबतो, एका दमात चार भोकं. आमच्या सोलनमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि लेखू तर सात वर्षं तेच करत होता.

“पाडलीत, ठाकूरसाहेब. मोजून बघा.”

ठाकूरने मोजलं नाही. ती खिळ्यांची फळीच उचलून लेखूच्या खांद्यावर हाणली. मी मध्ये पडले तर माझ्या कुशीत लाथ बसली. बाकीच्या बाया खाली मान घालून पाकिटं भरत राहिल्या. मला त्यांचाच राग जास्त आला, अजून येतो.

मग त्याने लेखूला फरफटत कोल्ड रूममध्ये ढकललं आणि दारावरच्या तापमानाच्या काट्याकडे बोट केलं. “दोन अंश. बस आत, ताजा राहशील.” कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि जेवायला घरी गेला.

लेखूच्या अंगात नुसतं बनियन होतं. मी ठाकूरच्या घरी धावले, त्याचे पाय धरले. राजमा-भात कालवत तो म्हणाला, “संध्याकाळी बघू. आणि तू रड बाहेर जाऊन, मला जेवू दे.”

परत येऊन मी कंपोस्टच्या ढिगाजवळची पहार उचलली. हात सोलवटले, नख उपटलं, पण कुलूप तुटायला तासभर लागला. माझा भाऊ आत कडक झाला असेल, याखेरीज डोक्यात काही नव्हतं.

दार उघडलं आणि तोंडावर गरम, आंबूस वाफ आली. लेखू बनियन काढून क्रेटवर बसला होता. खांद्याचं रक्त घामात मिसळून पोटापर्यंत आलं होतं.

“दीदी,” तो धापा टाकत म्हणाला, “इथे तर उकडतंय.”

आत फक्त ठाकूरच जायचा, आम्ही क्रेट दाराशी ठेवायचो. आतला पंखा घरघरायचा, आम्ही समजायचो मशीन चालू आहे. मेल्याने वीज वाचवायला थंडीच बंद ठेवली होती. काटा बिघडून दोनवर अडकला होता. चोराच्या उलट्या बोंबा, आणि मार माझ्या भावाला.

ठाकूर दात कोरत आला. उघडं दार दिसताच माझ्या झिंज्या धरायला धावला. मी पहार त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचं ऐकू आलं. तो पडला, तेव्हा आम्ही दोघांनी त्याला पाय धरून आत ओढलं, सडक्या पाकिटांवर टाकलं आणि दार लोटून कडीत पहार अडकवली.

या वेळी बाया बघत होत्या. त्यांच्यातली एकही हलली नाही.

मी मशीनचा खटका वर केला. कितीतरी दिवसांनी ते खरोखर सुरू झालं. आतून ठाकूर दारावर मुठी आपटत होता.

लेखूने विचारलं, “किती वेळ, दीदी?”

मी ओढणीने त्याची पाठ पुसली. “त्याचा घाम सुकेपर्यंत.”