आईचा उजवा गुडघा

आईने अख्खी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात काढली. एक काना जास्त पडला तरी पान परत पाठवायची. त्याच बाईला आता काहीही विचारलं तरी ती "हो" म्हणते. सर्जनला तेवढंच हवं होतं.

"आजी, गुडघा दुखतो ना?"

"हो."

"नवा बसवू या?"

"हो."

"झालं तर मग," म्हणत तो दादाकडे वळला.

मी म्हटलं, "डॉक्टर, तिला काही उमजत नाही. हे बघा. आई, आज घरी हत्ती आला होता ना?"

"हो," आई समंजसपणे म्हणाली.

डॉक्टर हसला. चक्क हसला. "गोड आहेत हो आजी."

मला शिसारी आली.

"तू नेहमी आडवी येतेस," दादा चिडला. "ती भिंत धरधरून संडासला जाते, कण्हते, ते तुला ऐकू येत नाही. तू तुझ्या घरी."

हे खोटं नव्हतं. दादाने आईच्या बोटांत पेन दिलं, वर आपला पंजा ठेवला आणि सही काढली. मी बघत राहिले.

ऑपरेशन छान झालं, असं सगळे म्हणाले. आई शुद्धीवर आली ती ओरडतच. पायाला काय झालंय हे सांगितलं की पाच मिनिटांत विसरायची. दुखणं मात्र विसरता येत नव्हतं. तिने पट्टी ओरबाडली, हाताची सुई उपटली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचले, तर तिची दोन्ही मनगटं पलंगाच्या कठड्याला बांधलेली. चादरीवर वाळलेलं रक्त, खाली ओली लघवी, खोलीभर उग्र वास. शेजारच्या खुर्चीत वहिनी मोबाइल बघत होती.

"बांधलंय म्हणून निदान शांत आहेत," ती मान वर न करता म्हणाली.

घरी आणल्यावर व्यायाम सुरू झाला. गुडघा रोज वाकवला नाही तर कायमचा आखडेल, असं फिजिओथेरपीवाल्या बाईंनी बजावलं होतं. दादाला ते बघवेना, म्हणून काम माझ्या गळ्यात. माझं कपडे ऑल्टर करायचं दुकान आहे. ते दुपारी बंद करून मी जायची. तिच्यासाठी रोज पहिलाच दिवस असायचा. मी पाय धरला की ती हात जोडायची. "बाई, मी तुमचं काय वाकडं केलंय?" मी मोजत राहायची. आठ, नऊ, दहा. मग मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायची. तरी माझीच मला किळस यायची.

तीन महिन्यांनी डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरला. "पुस्तकात छापावा असा गुडघा बसलाय!" आई सरसर चालू लागली. दादाने व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. वाहवा झाली. दादाची मान ताठ झाली.

आणि मग आई चालत बाहेर पडायला लागली. दुसऱ्यांदा सापडली ती चौकातल्या चपलांच्या दुकानाच्या पायरीवर, अनवाणी.

त्यानंतरच्या रविवारी मी गेले, तर तिच्या खोलीला बाहेरून नवीकोरी कडी. आतून ती दार वाजवत होती. दादा पेपर वाचत होता.

"हे काय?"

"मग काय करू? पाय फुटलेत तिला."

"फुटले नाहीत, तू बसवून घेतलेस."

"बोलायला काय जातंय?" वहिनी आतून म्हणाली. "न्या ना मग तुमच्याकडे."

"नेते."

स्वयंपाकघरातल्या खणातून पेचकस घेतला आणि एकेक स्क्रू काढला. दादा पान उलटत राहिला. उठला नाही, अडवलंही नाही. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा जो ढिलेपणा पसरला, तो मला हॉस्पिटलातल्या त्या चादरीहून घाण वाटला. कडी त्याच्या पेपरावर ठेवली आणि आईला घेऊन निघाले.

आता संध्याकाळी दुकान लवकर बंद करते आणि तिला फिरवते. ती पुढे, मी धापा टाकत मागे. काल रस्ता ओलांडायच्या आधी तिने मला थांबवलं आणि हळूच म्हणाली, "एक बाई आहे. माझा पाय पिळते. तिच्या नादी लागू नकोस हं."

"नाही लागत," मी म्हटलं.

तिने माझा हात घट्ट धरला आणि मला पलीकडे नेलं.