ढवळण्याची दिशा

मदतनीस लंबू काम सोडून गेल्यापासून प्रयोगशाळेत बाईंच्या सोबतीला उरली ती ढवळणीची मोटर, आणि तीही दिवसभर एकच सूर लावून बसलेली. खुर्च्या दोन, कप दोन, माणूस एक. दुसरा कपही बाई रोज विसळून ठेवत. का, ते त्यांनाच ठाऊक.

काम ऐकायला सोपं. गरम द्रावण ढवळत ढवळत थंड करायचं. थंड होताना त्यातले रेणू एकमेकांना धरून पीळदार धागे वळतात. एका दिशेने ढवळलं तर पीळ उजवा, उलट ढवळलं तर डावा. धाग्यांतून निघणारा उजेडही तसाच पिळलेला, उजवा किंवा डावा. कुठला, ते यंत्र सांगतं. लंबूने चार वर्षं हेच वहीत उतरवलं होतं. बाईंनी ते पुन्हा करून पाहिलं, तर प्रत्येक नोंद उलटी आली. प्रत्येक! माणूस दहात दोनदा चुकेल, दहाच्या दहा वेळा कसा चुकेल? घरी बसून वही रंगवली, असं बाईंनी वरिष्ठांना लिहून दिलं. लंबूने पिशवी उचलली आणि गेला. आठ महिने त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं, असं कानावर येई.

त्या दुपारी बाटलीचं झाकण घरंगळत टेबलाखाली गेलं. बाई कुरकुरत जमिनीवर आडव्या झाल्या आणि सहज वर बघितलं. टेबलाला मधोमध भोक, भोकावर काचेचं भांडं, भांड्यात ढवळणी. उलटी फिरत होती.

बाई उठल्या. वरून पाहिलं, तर घड्याळाच्या काट्यांसारखी. पुन्हा आडव्या झाल्या, तर काट्यांच्या उलट.

लंबूची पाठ धरायची. साडेसहा फुटांचा देह वाकायचा नाही, म्हणून तो सतरंजी टाकून टेबलाखालूनच प्रयोग बघायचा. "काय गॅरेजवाले, गाडी झाली का दुरुस्त?" म्हणून बाईंनी त्याला चार वर्षं चिडवलं होतं. ऐन वेळी नेमकं तेवढंच आठवलं नाही. बाईंना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी फोन लावला.

"लंबू, तुझी वही बरोबर होती रे. तू खालून बघत होतास."



"हो का?" तो म्हणाला. "मला वाटलं, माझंच कुठेतरी चुकलं. तुम्ही म्हणालात म्हणजे चुकलंच असणार."

"मी आत्ता वरिष्ठांना पत्र लिहिते. तू परत ये."

"पत्र लिहा, बाई. मी नाही येणार. टेबलापाशी दोघंच तर होतो आपण. लिहून देण्याआधी एकदा मला विचारायचंत."

बाईंनी पत्र लिहिलं. "चूक माझी" हेच पहिलं वाक्य. मग दोन्ही कप विसळले, आणि एक पुसून कपाटात ठेवून दिला.