पुंगळ्यांना कल्हई

हिरामण शेठनं काडतुसांच्या पुंगळ्यांना कल्हई करून आणली, तेव्हा मला आधी हसूच आलं. मग बघितलं तर माझा नवरा गोटीरामही त्या चकचकाटाकडे तोंड वासून बघतोय. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

अठ्ठावन्न साल होतं. घणसोलीत बंदूक एकच, ती शेठची. परवाना त्याच्या नावावर, बार मात्र माझ्या नवऱ्यानं काढायचे. रबाळ्याच्या डोंगरातून डुकरं भातात उतरली की शेठ ओटीवर पानाला चुना लावत बसायचा आणि हा खुळा गुडघाभर चिखलात उभा. मिळायचं काय, तर बंदूक खांद्यावर टाकून गावातून चालायचा मान. तेवढ्यावर गडी बारा वर्षं खूश होता. असला नवरा देवानं शोधून शोधून माझ्याच पदरात घातला.

नवी काडतुसं मुंबईहून आणायची म्हटलं की शेठच्या जिवावर यायचं. म्हणून उडालेल्या पितळी पुंगळ्याच पुन्हा भरायच्या. भरायचं काम गोटीरामचं, त्याआधीचं सगळं माझं. बुडातली जळकी टोपी खिळ्यानं ठोकून काढायची, पुंगळी चिंचेच्या पाण्यात उकळायची, आतून काथ्यानं घासायची आणि विहिरीच्या गोड्या पाण्यात खळबळायची. खाडीचं पाणी अजिबात लावायचं नाही. मग सुपात घालून तीन दिवस ऊन द्यायचं. आणि शेवटी एकेक पुंगळी पाट्यावर वाजवून बघायची. चांगली असली तर टणकन बोलते. बुडाशी केसाएवढी चीर असली तरी आवाज बसतो. तसली निघाली की मी तिथंच वरवंट्यानं चेचायची. कारण बूड कच्चं असलं तर बार पुढं जायच्या ऐवजी मागं फुटतो, आणि मागं माझ्या नवऱ्याचा डोळा असतो.

तर त्या वर्षी ठाण्याहून रावसाहेब येणार होते. परवाना त्यांच्या सहीनं पुढं चालू राहायचा. झालं, शेठच्या अंगात आलं. साहेबांसमोर पिवळी, डागाळलेली काडतुसं कशी ठेवायची? बोनकोड्याला एका लग्नघरी कल्हईवाला बसला होता. मी खाडीवर गेले होते, तेवढ्यात शेठ माझ्या घरातून सुपासकट पुंगळ्या उचलून घेऊन गेला. घरची तपेली चकचकीत होतात, मग काडतुसं का नाही, एवढीच त्याची अक्कल. भात्यावर लालबुंद तापवल्या, नवसागर मारला, कथील फिरवलं. चांदीसारख्या झाल्या.

मी एक उचलून पाट्यावर वाजवली. ओल्या मातीवर ढेकूळ पडावं तसा आवाज आला. दुसरी तशीच, तिसरी तशीच. एकीची कड पाट्यावर जरा जोरात आपटली तर ती शिशासारखी वाकली. तापून तापून पितळेचा जीवच गेला होता. मी ती वाकलेली कड गोटीरामच्या नाकासमोर धरली. त्यानं बघितलं, त्याला कळलं. आणि म्हणतो काय, शेठचं मन मोडेल.

याच्यापुढं काय बोलायचं! मग मीच गेले शेठच्या ओटीवर आणि सांगितलं. चार माणसं बसली होती. शेठनं पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, भांडी घासणारीनं बंदुकीतलं बोलू नये. सगळे हसले. माझ्यामागं माझा नवरा उभा होता. तोही हसला, थोडंसं. ते माझ्या काळजाला लागलं. आणि घरी येऊन त्याच पुंगळ्या त्यानं मुकाट्यानं भरल्या.

रावसाहेब आले. खाडीकाठच्या खारजमिनीच्या बांधावर नेमासाठी मडकं ठेवलं, साहेबांना खुर्ची, वर छत्री. शेठ नव्या कोटात. कमरेला चकचकणारा पट्टा लावून असा मिरवत होता, जसा काही वाघ मारून आलाय. साहेबांनी काडतुसांची तारीफ केली. शेठनं पट्ट्यातलं एक काढून गोटीरामला दिलं. त्यानं बंदुकीत घातलं, दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला.

मी बायकांच्या घोळक्यातून निघाले ती सरळ त्याच्यापाशी गेले आणि नळी धरून खाली केली.

"रावसाहेब," मी म्हटलं, "बंदूक शेठची, काडतुसं शेठची. पैला बार शेठनंच काढावा. आमी गरिबांनी कशाला मान घ्यावा?"

साहेबांना ते फार आवडलं. म्हणाले, बरोबर बोलते बाई, होऊ द्या हिरामणशेठ. शेठ म्हणाला, खांदा दुखतो. साहेब म्हणाले, एकच तर बार. शेठ म्हणाला, चष्मा घरी राहिला. साहेबांना वाटलं, हा लाजतोय. त्यांनी स्वतः बंदूक गोटीरामच्या हातातून घेऊन शेठच्या हातात दिली.

त्या माणसानं ती अशी धरली की नळी सगळ्यांच्या पायांवरून फिरली. आणि मग त्याच्या तोंडून निघालंच.

"नको साहेब. कल्हईवाला म्हनला व्हता, ही आता नुसती शोभंला ठेवा. भरू नका, फुटतील."

मला वाटलं होतं, शेठ मूर्ख आहे. मूर्ख असता तर परवडला असता. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

गोटीराम त्याच्याकडे बघत राहिला. मग पुढं झाला, शेठच्या हातातून बंदूक घेतली, उघडून काडतूस काढलं आणि त्याच्या नव्या कोटाच्या खिशात घातलं. मोकळी बंदूक त्याच्या पायाशी ठेवली, हळूच. तेवढ्यातही दस्त्याला चिखल लागू दिला नाही गाढवानं.

घरी येताना खाराच्या वाटेवर एवढंच बोलला.

"बारा वर्सं मी त्याची बंदूक पुसली, गोजरा."

माझ्या जिभेवर खूप काही आलं होतं. पण त्याचा आवाज ऐकला आणि मी चार पावलं पुढं चालायला लागले. डोळे पुसताना त्याला कुणी बघायला नको होतं.