पानांआडचं माहेर

समोर माहेर, मधे रस्ता, रस्त्याच्या पोटात झाडांच्या दोन रांगा, आणि झाडांना फुटली पानं. तिथेच सगळं बिनसलं.

झाडं उघडीबोडकी होती तोवर भिंगरीचं बरं चाललं होतं. चाळिशी उलटली तरी वडिलांनी ठेवलेलं हे नाव तिला चिकटून होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी तिचं शिलाई मशीन. रुंद रस्त्यापलीकडे, तशाच उंचीवर, एकट्या वडिलांची खिडकी. मागल्या वर्षी ते न्हाणीघरात पडले, आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून उठल्याबरोबर ते पिवळा पडदा सारत. पडदा सरला की तिचा जीव भांड्यात पडे आणि मशीन धावू लागे.

आता वारा आला की पिवळा ठिपका दिसे, वारा पडला की लपे. पाय मशीनवर, डोळे पानांत. अशात तिनं एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या.

"गिऱ्हाइकाला दोन्ही हात डावे असतील तर माप अगदी बरोबर आहे," वडील फोनवर म्हणाले.

"हसा तुम्ही. माझ्या जिवाला इथं घोर."

"आता म्हणशील, येऊन राहा. तो विषय नको. माझं घर मला बरं."

झाडं छाटणारा शिडीची गाडी घेऊन आला, तशी ती खाली धावली.

"दादा, ती एवढी आडवी फांदी उतरवा ना."

"नेमकी तीच नाही उतरवत, ताई. समोरचे काका मघाशी सांगून गेले. म्हणाले, ही राहू द्या, माझ्या पोरीचं कामात लक्ष लागत नाही."

दिवसभर ती धुमसत राहिली. फोन केला नाही, आलाही नाही.

दुसऱ्या दिवशी वारा ठार पडलेला. पान हलेना. भिंगरीनं राग गिळून फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. मग ती तशीच जिना उतरली, खांद्यावर मोजपट्टी लोंबकळतेय याचंही भान नव्हतं. निम्मा रस्ता ओलांडून झाडांखाली आली आणि थबकली.

दोन रांगांमधल्या बाकावर वडील बसले होते, सिग्नलकडे रागानं बघत.

"हा दिवा तुझ्याहून उतावळा," ते म्हणाले. "मी निम्म्यात पोचलो की तांबडा."

"फोन का नाही उचलला?"

"तो घरी आहे, मी इथं आहे."

"आणि निघालात कुठं?"

"तुझ्याकडेच." ते चपलेनं पान ढकलत राहिले. "सकाळी पडदा सारला की तुझं डोकं दिसायचं, मशीनवर वाकलेलं. आज नुसती पानं. फांदी राखली, आणि रात्रभर माझ्याच डोळ्याला डोळा नाही."

ती शेजारी टेकली.

"रोज इथवर येईन," ते म्हणाले. "पुढचा निम्मा तुझा. आता जा, मशीन वाट बघतंय."

"आधी तुम्ही."

दिवा हिरवा झाला. ते आपल्या बाजूला गेले, मागे न बघता, हात मात्र उगाच हलवत. ती बसून राहिली. पानांच्या खालून, त्या बाकावरून, खिडकी स्वच्छ दिसत होती. जिने चढायला त्यांना वेळ लागणार हे ठाऊक असूनही ती मोजपट्टी बोटांना गुंडाळत, सोडत होती.

पिवळा पडदा मिटला. पुन्हा सरला.

भिंगरी उठली. उजवी बाही अजून कापायचीच होती.