चुकीच्या जागचं बटण

चाळीस वर्षं शिवणकाम केलं मी. शर्टाला बटण कुठे असतं, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या जुन्या शर्टावर, डाव्या खांद्याच्या जरा खाली, एक भलतंच बटण दिसलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. समोर काज नाही, खाली खिसा नाही, टाकाही कच्चा!

"हे कुणाचे उद्योग?"

"माझे," सूनबाई म्हणाली आणि शर्ट ओढून घेऊन गेली. कशाला, ते नाही सांगितलं.

पण बटणाचं काय घेऊन बसलात! इमारतीतला गॅस बंद झाला, घरात इंडक्शनची शेगडी आली, आणि त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या फरशीवर लाल चिकटपट्टी. "बाबा, सध्या या पट्टीच्या पुढे यायचं नाही हं." का? तर "नंतर सांगते". सहा महिन्यांपूर्वी माझ्या छातीत पेसमेकर बसवला, तेव्हापासून घरात मला कुणी काही उचलू देत नाही. सकाळचा चहा तेवढा माझ्या हातात उरला होता. आता तोही काढून घेतला. म्हणजे माणसाला अडगळीत टाकणंच की! मुलगा परगावी नोकरीला, त्याला काय कळणार?

काल तर कहर झाला. ती फोनवर हळूच म्हणत होती, "लांबच ठेवते हो त्यांना. अजून किती लांब ठेवू?" मला बघितलं आणि एकदम गप्प.

झालं, तिथेच ठरवलं. आपण बहिणीकडे जायचं, कायमचं. सकाळी पिशवी भरली. निघताना वाटलं, माझा शर्ट हिच्याकडे कशाला ठेवू? म्हणून स्वयंपाकघरात डोकावलो.

सूनबाई माझा शर्ट अंगात घालून पट्टीमागे बुटक्या स्टुलावर उभी. माझ्या मोजपट्टीचं एक टोक त्या बटणावर धरलेलं, दुसरं शेगडीवरच्या भांड्याला.

"हे काय सोंग?"

ती दचकली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेगडी चालू असताना तुमच्या छातीतलं मशीन दोन फूट तरी लांब हवं. हात पुढे गेला तर चालेल, छाती नको. तुमच्याएवढी उंच व्हायला स्टूल घेतलं."

"आणि फोनवर?"

"त्याच होत्या."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"मशीनचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठता, बाबा! तुमचा चहा सुटायला नको, म्हणून बघत होते, हात पोचतो का ते."

खोटं काय बोलली ती? आंघोळ करतानासुद्धा मी त्या जागेकडे बघत नाही. भीती वाटते मला, दुसरं काय.

तिची नजर पिशवीवर गेली. "कुठे निघालात?"

मी पिशवी खाली ठेवली. गळ्याजवळची दोन बटणं काढली आणि घरात पहिल्यांदाच कुणाला तरी तो व्रण दाखवला.

"दोन बोटं वर लावलंस बटण. मशीन इथे आहे. म्हणजे शेगडीच्या आणखी जवळ."

तिने नीट बघून घेतलं. मग स्टुलावरून उतरली, लाल पट्टी उचकटली आणि थोडी मागे चिकटवली. मी पट्टीमागे उभा राहिलो. लांब दांड्याचा चमचा भांड्यापर्यंत पोचला.

"सांगा ना, कुठे निघाला होतात?" तिने पुन्हा विचारलं.

"कुठे नाही. दोन कप पाणी ओत."