दोन राजांच्या बापाला अग्नी कोण देणार

आदल्या संध्याकाळी दाता, म्हणजे माझे वडील, माझ्याशी चौपट खेळत होते. हरायला लागले तशी त्यांनी सोंगटी हळूच पुढे सरकवली.

"मोरनगढचे राजे, आणि सोंगट्या चोरता?"

"बापाची चोरी काढतेस? सासरी हेच शिकवलं वाटतं!" म्हणत त्यांनी मक्याची राब, ताकातली पेज, मागवली. वर गूळही, वैद्याने बंद केलेला.

सकाळी ते उठलेच नाहीत.

आमच्याकडे गादी रिकामी ठेवत नाहीत. तिच्यावर बसणारा स्मशानात जात नाही. अग्नी दुसरा मुलगा देतो. माझ्या भावांत उदैकरण थोरला, जैतसी पट्टराणीचा. दोघे गादीच्या दोन बाजूंना ठाण मांडून बसले. जो उठेल, त्याने राज्य सोडलं.

"जैता, जा. सरण रचून झालंय."

"तुम्ही जा ना, दादाभाई. थोरले तुम्ही."

"दातांनी गादी मला कबूल केली होती."

"मलाही."

दोघेही खरं बोलत होते.

बाहेर चौकात मी दातांच्या अंगावरच्या माशा वारत होते. हारांतला मोगरा काळा पडला होता. मावळतीनंतर अग्नी देत नाहीत, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. सुतकात चूल बंद, तरी दोघांच्याही आयांनी आपापल्या लेकाला झाकून लाडू धाडले. त्यांनी ते खाल्लेही.

ऊन कलल्यावर दिवाण नगजी मेहतांनी तोड काढली: मही नदीच्या अलीकडचं थोरल्याचं, पलीकडचं धाकट्याचं. भिल्लांच्या मुखियाने रीतीप्रमाणे अंगठा चिरला, त्याच रक्ताने दोघांना टिळा लावला आणि अंगठा धोतराला पुसला. एका राज्याची दोन झाली ती अशी. भाट आता गातात की देवीने स्वप्नात येऊन वाटणी केली. देवीला दुसरी कामं असतात.

"मेहताजी, आता दोघेही राजे. मग अग्नी कोण देणार?"

ते कान खाजवत म्हणाले, "ते राहिलंच की, बाईसा."

मी मशाल उचलली. कोणी अडवलं नाही. अडवायला उठावं लागलं असतं.

सरणाजवळ दातांच्या चेहऱ्यावर ऊन होतं. मी मोठ्याने म्हणाले, "दाता, दोन बायकांपैकी एकीलाही नाही म्हणायची तुमची छाती झाली नाही. तुम्ही भित्रे होतात. माझ्याइतकी माया मात्र तुमच्यावर कोणी केली नाही."

मग मी अग्नी दिला.